थायरॉइडचा टीएसएच ७.२ आला, पण फाईलमधला किरणांचा कागद कुठे आहे?

मुलीला सहाव्या वर्षी एएलएल (रक्ताचा कॅन्सर), आता ती १७ ची, थकवा, नुसता टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; ग्रंथी मंदावली की हा चढतो) केला तो ७.२. थायरॉइडची गोळी (थायरॉक्सिन) सुरू करायची का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्या एका आकड्यावर नको. ६-८ आठवड्यांनी पुन्हा करा, सोबत फ्री टी४ (ग्रंथीने रक्तात सोडलेलं थायरॉइड संप्रेरक) हवाच. केसांसाठी बायोटिन घेत असेल तर निदान दोन दिवस आधी बंद; त्याने रिपोर्ट फसवा येतो.

दरम्यान जुन्या फाईलमधून किरणांचा (शेकाचा) कागद काढा. कुठे दिली आणि किती ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), या दोनच गोष्टी. नुसती केमो झाली असेल तर थायरॉइडला धोका कमीच. मग अँटी-टीपीओ (रक्ततपासणी) करून चारचौघांत आढळणारं कारण, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटलीय का, ते शोधायचं. डोक्याला १८ ग्रे दिले असतील तर गळ्यापर्यंत थोडी किरणं पोचतात. मणक्यालाही दिली असतील तर जास्त, कारण पाठीतून शिरलेली किरणं गळ्यातून बाहेर पडतात. बोन मॅरो बदलण्याआधी सर्वांगाला दिली असतील (बहुधा १२ ग्रे), तर ग्रंथी थेट त्यात सापडते.

फसगत कुठे होते? डोक्याला जास्त मात्रा गेली असेल, साधारण ३० ग्रे किंवा वर (आजार उलटल्यावर दुसऱ्यांदा दिल्यास बेरीज तिथवर जाऊ शकते), तर टीएसएच सोडणारी मेंदूच्या तळची पिट्युटरी ग्रंथीच मंदावते. मग टीएसएच २ वगैरे, लॅबच्या कागदावर सगळं 'नॉर्मल', आणि फ्री टी४ मात्र खाली. अशा वेळी गोळीआधी सकाळचं कॉर्टिसॉल (शरीराला ताण झेलायला लागणारं संप्रेरक) तपासून घ्या. ते कमी असताना थायरॉक्सिन दिलं तर पेशंट एकदम कोसळू शकतो.

फ्री टी४ कमी आला तर गोळी लागणारच. तो नॉर्मल आणि टीएसएच चढाच राहिला तर निर्णय एंडोक्रिनॉलॉजिस्टचा (संप्रेरकांच्या डॉक्टरांचा). किरणं घेतलेल्या ग्रंथीला टीएसएचचा रेटा सतत नको म्हणून काहीजण लवकर सुरू करतात. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-एक तास आधी. लोह-कॅल्शियम चार तासांनी. डोस बदलला की ६-८ आठवड्यांनी टीएसएच. पिट्युटरीचा दोष असेल तर मात्र फ्री टी४ बघून डोस ठरतो.

आकडे चांगले आले तरी किरणं घेतलेल्यांनी वर्षातून एकदा गळा दाखवायचा. डॉक्टर पाण्याचा घोट गिळायला लावून बोटांनी चाचपतात. गाठ असली तर ती घोटासोबत वर सरकते. गाठी दहा-वीस वर्षांनीही येतात, आणि टीएसएचवरून त्या कळत नाहीत.