दोन महिने इनहेलर (पंप) घेऊनही वडिलांची धाप कमी होत नाही. डोस वाढवून घ्यावा का?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की वडील दोन महिने पंप घेत आहेत, परंतु ते तो कसा घेतात हे घरात कोणी पाहिलेले नाही. आधी ते पाहावे, डोस वाढवण्याचा विचार त्यानंतर करावा.

माझ्या वडिलांची हयात सोलापुरात पूर्व भागातील यंत्रमागावर, टॉवेलच्या सुताच्या धुळीत गेली. दम्याचे निदान झाल्यावर दुकानदाराने पंपाचा खोका हातात ठेवून ‘सकाळ-संध्याकाळ दोन-दोन’ एवढेच सांगितले. आठ महिने त्यांनी तो एकदाही न चुकता घेतला. जिभेवर पांढरा थर आला, पण धाप जशीच्या तशी राहिली, आणि माझे थोरले बंधू ‘पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय असतो, मी सांगत होतो’ असे प्रत्येक जेवणाला ऐकवू लागले. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत चालताना वडील तीनदा खाली बसले, तेव्हा मी त्यांना दुसऱ्या दवाखान्यात नेले. तिथल्या परिचारिकेने रिपोर्ट बाजूला ठेवले आणि म्हटले, “बाबा, एकदा घेऊन दाखवा.” वडिलांनी तोंड उघडले, पंप दाबला, मग श्वास घेतला, पांढरा फवारा ओठांतून बाहेर आला. आठ महिन्यांचे औषध जीभ, टाळा आणि हवा यांनीच घेतले होते.

पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, तोटीभोवती ओठ घट्ट मिटावेत. संथ श्वास आत घ्यायला लागतानाच पंप दाबावा, छाती भरेपर्यंत श्वास ओढत राहावे आणि सुमारे १० सेकंद रोखून धरावा. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटाने घ्यावा. हात आणि श्वास यांचा मेळ माझ्या वडिलांना कधीच जमला नाही, म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, आणला. माझ्या मते साठीच्या पुढच्या माणसाला स्पेसरशिवाय पंप देणे हा निव्वळ आळस आहे. कॅप्सूलच्या भुकटीचे उपकरण असेल तर मात्र श्वास जोरात आणि झटकन आत ओढावा लागतो, आणि उपकरणात फुंकर मारायची नसते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकावी. जिभेवरचा तो थर चूळ न भरल्यामुळेच आला होता.

तीन आठवड्यांत वडील जिना न थांबता चढू लागले. औषध तेच होते, डोसही तोच होता. बंधू अजूनही याला हवापालट म्हणतात.

अर्थात मी डॉक्टर नाही, आणि पद्धत बरोबर असूनही धाप राहिली तर औषध बदलावे लागू शकते. तो निर्णय डॉक्टरांचाच. ओठ निळसर दिसले किंवा वाक्य पूर्ण बोलता येईनासे झाले, तर हे उत्तर वाचत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. एरवी पुढच्या भेटीला पंप सोबत नेऊन वडिलांना तो डॉक्टरांसमोर घ्यायला लावावा, आणि ‘सवय लागते’ म्हणणारे कोणी घरात असतील तर त्यांनाही शेजारच्या खुर्चीवर बसवावे. माझे बंधू त्या दिवशी आले नव्हते.