गुन्हा का नोंदवत नाहीत?

प्रश्न : अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी धाकटा भाऊ गेला. पोलीस नुसता अर्ज ठेवून घेतात. डॉक्टरांना सामील आहेत का?
– एक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, लगेच तसं धरू नका. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय, डॉक्टरवर कारवाई करण्याआधी पोलिसांनी दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं. नुसती चूक म्हणजे गुन्हा नव्हे, हलगर्जीपणा घोर लागतो. तो ठरला तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १०६ खाली डॉक्टरला २ वर्षांपर्यंत कैद.

तोवर हॉस्पिटलकडे केसपेपर मागा. लेखी, पोच घेऊन. ७२ तासांत द्यावे लागतात. माझ्या एका अशिलाच्या कागदांत नर्सचा बीपीचा तक्ता रात्री २ ते ६ कोरा होता. केस उभी राहिली ती तिथेच. भरपाईसाठी ग्राहक आयोग वेगळा; मुदत २ वर्षं.