चौथ्या वहीचे बारावे पान

प्रश्न : मी संख्याशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्वतःला घडवायचे म्हणून या वर्षात मी चार वह्या सुरू केल्या. पहाटे पाचला उठणे, व्यायाम, सभाधीटपणा, नवी भाषा, प्रोग्रॅमिंग, आठवड्याला एक पुस्तक, असे सगळे त्यांत लिहिले. पण अकरा-बारा दिवसांत एखादा दिवस चुकतो आणि सगळेच सुटते. सहा ऑनलाइन कोर्स अर्धवट पडले आहेत. मैत्रिणीला इंटर्नशिप मिळाल्याचे कळले, तेव्हा आनंद होण्याऐवजी मला रडू आले. माझ्यात चिकाटीच नाही का?
– अस्वस्थ

प्रिय मुली,

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वेळी तुझी लांबलचक यादी डोळ्यांत भरली आणि दुसऱ्या वेळी ‘चार’ हा आकडा. जिच्यात चिकाटी नसते ती पहिल्या वहीनंतरच थांबली असती; तू मात्र मोडलेला डाव तीनदा पुन्हा मांडलास. तेव्हा स्वतःवर केलेला हा आरोप आधी मागे घे.

एक दिवस चुकला की वहीच बदलायची, हा नियम मात्र तुला फार महागात पडला आहे. एकवीस दिवसांत सवय लागते असे सर्रास सांगितले जाते, आणि मग बाराव्या दिवशी खाडा झाला की केलेले सगळे मुसळ केरात गेले असे वाटू लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एकच साधी सवय निवडायला सांगून बारा आठवडे त्यांच्या नोंदी घेतल्या होत्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे ओळीने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ दिवस निघाला, आणि वेगवेगळ्या व्यक्तींचा अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एवढ्या रुंद पल्ल्यात मध्यक एकट्या माणसाबद्दल किती थोडे सांगतो, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला मी सांगायला नको. तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे : मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. शिवाय त्यांनी एकेकच सवय धरली होती, तू एका दमात सहा धरल्यास.

आता त्या यादीबद्दल. पहाटे पाचला उठणे तिच्यात कशासाठी आहे, हे मला पत्रात कुठेच सापडले नाही. उठून काय करायचे ते ठरलेले नसेल, तर ती नुसती झोपेची खोटी आहे. माझे स्पष्ट मत असे की तुझ्या विषयाला थेट जोडलेले प्रोग्रॅमिंग तेवढे ठेवावे आणि बाकीच्यांना सहा महिने बिनदिक्कत सुट्टी द्यावी. व्यायाम होईल तेव्हा कर, पण त्याची हजेरी मांडू नकोस.

अर्धवट कोर्सबद्दल तुला अपराधी वाटते. मला काळजी वाटते ती वेगळीच. व्हिडिओ पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, आणि ते वाटणेच फसवे असते. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने तो वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले, आणि विशेष म्हणजे आपल्याला चांगले लक्षात राहील अशी खात्री पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होती. म्हणून सातवा कोर्स घेऊ नकोस. आहे त्यातला एक धडा पाहा, व्हिडिओची खिडकी बंद कर आणि कोऱ्या फाइलीत तोच कोड स्वतः लिही. अडशील तिथे तुला नेमके काय येत नाही ते कळेल.

आणि एक काम शेवटपर्यंत ने. तुझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तके नेल्याच्या आणि परत केल्याच्या तारखा असतात. विद्यार्थ्यांची नावे वगळून त्या नोंदी माग. कुठे तारीखच नसेल, कुठे परतीची तारीख नेल्याच्या आधीची पडली असेल, एकाच पुस्तकाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असेल. ते निस्तरण्यातच तुझे दोन आठवडे जातील आणि ते मुळीच वाया जाणार नाहीत, कारण खऱ्या नोकरीतही अशा कामाचा मोठा भाग हाच असतो. मग ‘पुस्तके उशिरा केव्हा परत येतात’ एवढ्या एकाच प्रश्नावर दोन पानांचा अहवाल लिही. मुलाखतीत सहा कोर्सची नावे सांगण्यापेक्षा या दोन पानांवर तू कितीतरी विश्वासाने बोलशील. तुला हवा असलेला सभाधीटपणाही तिथेच येऊ लागेल.

मैत्रिणीची बातमी ऐकून रडू आले म्हणून तू वाईट ठरत नाहीस. तिचे अभिनंदन राहिले असेल तर आज कर, आणि तिने अर्ज कसा केला, काय विचारले गेले, हेही मोकळेपणाने विचार. तिच्यापाशी थांबू नकोस. जेमतेम ओळखीच्या सीनियरनाही विचार. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवले होते की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती बातमी अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. जवळच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते.

पाचवी वही आणू नकोस. चौथीचे बारावे पान कोरे असेल, त्यावर उद्याची तारीख घाल आणि ग्रंथपालांना काय विचारायचे ते दोन ओळींत लिही. अहवाल पुरा झाला की मला पाठव, मी तो मनापासून वाचेन.

तुझी,
ताई