पोरगं वर्गात बोलत नाही? त्याला खो-खोच्या रांगेत बसवा

"मॅडम, पोट्टं तोंडच उघडत नाई. डोक्यात काही कमी तं नाई ना?" हा प्रश्न इतक्या शाळांतून आलाय की ऐकताच मी ओळखते, जवळ नवी पुनर्वसित वस्ती असणार. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून अकोट-तेल्हाऱ्याकडे उतरलेली कोरकू कुटुंबं असोत की गोसेखुर्द धरणाच्या पाण्याने उठवलेली गावं, चिंता तीच. सरहद्द ओलांडली नाही म्हणून कायदा यांना निर्वासित म्हणत नाही. तिसरीतल्या पोराला त्या फरकाचं काय?

असाच एक मुलगा, अकोट तालुक्यातला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) घरी बहिणीला कोरकूत लांबलचक गोष्टी सांगायचा, शाळेत मुका. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्या आधाराने मराठी अंदाजानेही उमगत नाही. वडील म्हणाले, "पैसा भेटला बाई. पोरगा मनानं मात्र वर मेळघाटातच राहिला." पुनर्वसनात कुटुंबामागे आधी १० लाख मिळत, २०२१ पासून १५ लाख झाले. पोराचं वर राहणं त्या हिशेबात कुठे मांडायचं?

गुरुजींना विचारलं, "दिवसभर त्याला काय विचारता?"

"नाव सांग, पाढा म्हण, हे काय, ते काय."

"यातलं तुम्हाला ठाऊक नाही असं काय आहे?"

ते हसले. "काहीच नाई."

"मग काही दिवस विचारूच नका. खेळाच्या तासाला फक्कीचा डबा त्याच्या हाती द्या."

तो रोज मैदान आखू लागला, रेघा अगदी सरळ. एकदा एक गडी कमी पडला, तेव्हा पोरांनीच त्याला रांगेत ओढून बसवलं. बराच वेळ त्याला कुणी खो दिला नाही. नवख्याला कोण देईल? मग पळणारा निसटू लागला तशी एका मुलीने नाइलाजाने त्याच्या पाठीवर थाप मारली. तो उठला आणि थेट मधली रेषा ओलांडून पळाला. फाउल! एकच गलका झाला. तिनेच दंड धरून त्याला मागे आणलं, बोटाने रेषा दाखवली. पुढच्या खेपेला तो धावून दमला. पळणारा हुलकावण्या देत होता, समोर पाठमोरा गडी बसलेला, आणि त्याला उठवल्यावाचून इलाज नव्हता. शाळेने त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला: "खो!" इतका मोठा, की गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मी नुसती मान हलवली, पण मनातून फार सुखावले होते.

वर्गात बोलणं ही त्याची परीक्षा होती. मैदानात त्याच्या आवाजावाचून खेळ अडला होता. माझा ओढा ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलरच्या मानसशास्त्राकडे आहे. आपण इथले आहोत हे मुलाला कितीही समजावलं तरी पटत नाही. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, तेव्हा पटतं. कबड्डीच्या आधी खो-खो सुचवते तेही यासाठीच. त्यात बसलेल्याला दुसऱ्याच्या हाकेनेच उठता येतं.

म्हणून संघ मिसळून करा. नवी वस्ती विरुद्ध जुनं गाव असा सामना पहिल्या वर्षी तरी लावूच नका, भांडण मैदानातून थेट घरी जातं. अभ्यास झाला नाही म्हणून खेळाचा तास कापू नका. मुलींना शाळा सुटली की घरकाम असतं, त्यांचा खेळ शाळेच्या वेळातच ठेवा.

गुरुजींनी पुढे विचारलंच, "याले तालुक्याच्या स्पर्धेले नेऊ काय?" २०२४ मध्ये पॅरिसला सिंडी न्गाम्बाने बॉक्सिंगमध्ये निर्वासितांच्या ऑलिंपिक संघाला पहिलं पदक मिळवून दिलं. ती गोष्ट पोरांना जरूर सांगा. तालुका मात्र पुढच्या वर्षी.

घरीही बोलणं थांबलं असेल, झोपेत दचकणं किंवा पुन्हा अंथरूण ओलं करणं सुरू झालं असेल, तर खेळावर विसंबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, मोफत क्रमांकावर बोला. आणि मुलाला नीट ऐकू येतं का, हे या सगळ्याच्या आधी तपासून घ्या.