‘एरर कॉइन’ म्हणून घासलेलं नाणं गळ्यात मारलं, तर?

प्रश्न : सोशल मीडियावरच्या एका नाणेविक्रेत्याकडून संग्रहासाठी एक रुपयाचं स्टीलचं नाणं घेतलं. ‘ओरिजिनल मिंट एरर, क्लिप’ (टांकसाळीतल्या चुकीने कडेचा तुकडा गेलेलं नाणं) असं सांगून त्याने १८ हजार रुपये घेतले. इथल्या एका जुन्या संग्राहकांनी भिंगाखाली पाहून ते कानसीने घासलेलं असल्याचं सांगितलं. विक्रेता ‘नो रिटर्न’कडे बोट दाखवतो, वर म्हणतो, दोन हजार नोंदणी फी भरा, रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने जास्त भावाला विकून देतो. पैसे परत मिळतील का? की मीच ते पुढे विकून मोकळा होऊ? – एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटचं आधी सांगते. विकू नका. आज तुम्ही फसवले गेलेले ग्राहक आहात. घासलेलं आहे हे माहीत असूनही ‘एरर’ म्हणून ते दुसऱ्याला दिलंत, तर आरोपी व्हाल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७८ नुसार नाण्याचं वजन घटवणं किंवा रूप बदलणं हेही बनावटीकरणातच मोडतं, मग ते मुळात टांकसाळीतलं असलं तरी. जाणूनबुजून असं नाणं विकणाऱ्याला कलम १७९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. नुसतं जवळ असण्याबद्दल कलम १८० आहे, पण तिथे ते खरं म्हणून वापरायचा हेतू लागतो. मात्र नाणे कायदा, २०११ विद्रूप केलेलं नाणं बाळगायलाही मनाई करतो. म्हणून तक्रारीला वेळ लावू नका. ते नाणं तुमच्याकडे कसं आलं, हे त्यामुळे कागदावर येईल.

तक्रारीत ‘संग्राहक म्हणाले’ एवढ्यावर भागणार नाही. त्यांच्याकडून कारणं लेखी घ्या. खरी क्लिप नाणं छापण्याआधीच तयार होते : पत्र्याच्या पट्टीतून चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर थोडा पडला, की चकतीचा लचका जातो. मग ठसा उमटताना धातू त्या रिकाम्या बाजूला सरकतो. तिथली अक्षरं ताणल्यासारखी दिसतात, कड हळूहळू विरत जाते आणि बरोबर समोरची कडही बहुधा कच्ची उठते. नंतर घासलेल्या नाण्यात अक्षर मध्येच कापलं जातं, समोरची कड ठसठशीत असते आणि कापाच्या जागी कानसीचे ओरखडे दिसतात. ‘वजन ठरलेल्यापेक्षा कमी भरतं, म्हणजे एररच’ हा युक्तिवाद विक्रेता नक्की करेल. वजन दोन्हींत कमीच भरतं, त्यावरून काहीच ठरत नाही. नाणं पुसू नका, पॉलिश तर मुळीच करू नका. तोच तुमचा पुरावा आहे.

आता पैशांचं. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असावाच लागतो. वर्णनच खोटं असेल, तर ‘नो रिटर्न’च्या पाटीआड लपता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि गरज पडली तर आयोग नाणं तपासणीला पाठवू शकतो.

इथे दोन अडचणी येऊ शकतात. फेरविक्रीसाठी खरेदी करणाऱ्याला हा कायदा ग्राहक मानत नाही. तुम्ही संग्रहासाठी घेतलंत, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. आणि विक्रेता नियमित धंदा करणारा असायला हवा. त्याने विकायला ठेवलेल्या इतर नाण्यांचे स्क्रीनशॉट आजच काढा, नोटीस मिळताच ते पान गायब होईल. चॅट मूळ फोनमध्येच ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आधी स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या. पैसे मिळाल्याशिवाय नाणं परत पाठवू नका.

नोंदणी फीचा एक रुपयाही भरू नका. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नसतो आणि कसलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. त्याचा तो मेसेज फसवणुकीच्या हेतूचा उत्तम पुरावा आहे. तो जोडून १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल करून घेताना पोलिसांपुढे तोच सर्वांत वर ठेवा.