घड्याळाला ठणका कळत नाही

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आईला बारा वर्षांपासून आमवात आहे. आभाळ भरून आलं की बोटं ठणकतात, असं ती म्हणते. मोबाइल आणि स्मार्टवॉचमधल्या नोंदी वापरून अशा रुग्णांना मदत करावी, असं मनात आहे. फिजिओ सोडून डेटा सायन्सला जाऊ का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : सोडू नकोस. डिग्री पुरी कर.

आधी आईच्या आभाळाबद्दल. मँचेस्टर विद्यापीठातल्या डॉ. विल डिक्सन यांच्या गटाने 2016 मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. ब्रिटनभरातले जुनाट दुखण्याचे रुग्ण रोज फोनवर दुखणं नोंदवत आणि फोनच्या ठिकाणावरून तिथलं हवामान जुळवलं जाई. 2019 मध्ये निष्कर्ष आले: हवेतली आर्द्रता जास्त, दाब कमी आणि वारा जोराचा, अशा दिवशी दुखणं वाढायची शक्यता थोडी अधिक. तापमानाचा तसा संबंध दिसला नाही. म्हणजे आई अगदीच चुकीचं बोलत नव्हती!

मला मात्र त्यातला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. नाव नोंदवलं तेरा हजारांहून जास्त लोकांनी. विश्लेषणात धरता आले 2,658. रोज नोंद करायचा लोकांना कंटाळा येतो, आणि ज्या दिवशी फार दुखतं त्या दिवशी तर फोन हातातही घेववत नाही. ही अडचण कोडिंगने सुटत नाही. रुग्णाशेजारी बसलेल्यालाच ती कळते.

घड्याळ पावलं, झोप, नाडी मोजतं. ठणका मोजत नाही. तो 0 ते 10 मध्ये रुग्णानेच सांगायचा. पण बरं वाटलं त्या दिवशी बाईने घरभर कामं उरकली आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरलं, हे पावलांच्या आलेखात लख्ख दिसतं. तो आलेख तिच्यापुढे ठेवून कामं आठवडाभर कशी वाटून घ्यायची, हे शिकवणारा फिजिओच लागतो. नुसता डेटावाला तिथे गप्प बसेल.

म्हणून आत्ता संख्याशास्त्र पक्कं कर, सोबत 'आर' ही आकडेमोडीची संगणकभाषा शिक. ते फुकट मिळतं. इंटर्नशिपमध्ये दहा रुग्णांच्या साध्या वहीतल्या नोंदींवर छोटा प्रकल्प कर, मात्र कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी. दुखण्याच्या नोंदी नोकरी किंवा विम्यात माणसाच्या अंगाशी येऊ शकतात, त्यामुळे 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही वाचून काढ. पुढच्या शिक्षणासाठी आयआयटी मुंबईच्या कोइटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थकडे बघ. फिजिओ पदवीवर कुठल्या अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो, हे त्यांनाच विचार.

एक खरं सांगते. 'दुखण्याचा डेटा पाहणारी व्यक्ती हवी' अशी जाहिरात तुला शोधूनही क्वचितच सापडेल. शिरकाव क्लिनिकल रिसर्चमधून, हॉस्पिटलांतून किंवा आरोग्य ॲप करणाऱ्या कंपन्यांतून होईल, आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असेल.

कमिटीचा अर्ज भरताना अडलीस तर मसुदा पाठव, मी बघून देईन.