प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे शाळा बदलू शकते का?

चौथीतल्या मुलाला धड वाचता येत नाही म्हणून कोल्हापुरातील त्याच्या अनुदानित शाळेने ‘याला विशेष शाळेत घाला’ असे सुचवले आहे, ते ऐकावे का, आणि प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे शाळा बदलण्याची भाषा केवळ भाषणांपुरतीच असते का, असे तुम्ही विचारले आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत मी अठ्ठावीस वर्षे शिकवले, त्यातली बरीचशी राधानगरी तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळांत. त्या अनुभवावर विसंबून लिहिते.

शाळा बदलू शकते. मात्र जिथे बदल हवा ती जागा फारशी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण ती जागा म्हणजे वेळापत्रक. आपण मुलांना वयाप्रमाणे इयत्तेत बसवतो आणि मग इयत्तेचे पुस्तक सगळ्यांना एकाच वेगाने शिकवत सुटतो. पुस्तक पुढे जाते, चार-सहा मुले मागे राहतात, आणि दिवसाच्या एकाही तासात त्यांना मागचे शिकायची सोय नसते.

माझ्या वर्गात चौथीचा एक मुलगा होता. ध आणि घ, भ आणि म यांत तो हमखास चुके, जोडाक्षर आले की सबंध ओळच सोडून देई. मी त्याच्या वहीत लाल शाईने ‘अभ्यासाकडे लक्ष नाही’ असा शेरा मारत असे. आज ते आठवले की ओशाळायला होते. एका सकाळी गावातल्या दूध संस्थेच्या रांगेत तो किटली घेऊन उभा दिसला. यंत्रातून निघालेली चिठ्ठी त्याने घेतली, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम यांवरून नजर फिरवली आणि मला म्हणाला, “बाई, काल सात लागलीती फॅट, आज साडेसहाच. शेवटची धार रेडकानं पिली.” शेवटच्या धारेत फॅट जास्त असते हे मला त्या दिवशी कळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिठ्ठीवर ‘म्हैस’ हा शब्द छापलेला होता आणि तो त्याने न अडखळता वाचला. पुस्तकातल्या जोडाक्षरापुढे थिजणारा मुलगा इथे जोडाक्षर वाचत होता.

मग मी घरोघरच्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि वाचनाची सुरुवात तिथून केली. शिवाय पहिल्या सुट्टीपर्यंतचा एक तास शाळेतल्या चारही इयत्ता मोडून, ज्याला जेवढे वाचता येते त्याप्रमाणे मुलांचे गट पाडले. दोघीच शिक्षिका असल्यामुळे ते सोपे गेले. (शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे लहान गावांत एकत्र वर्ग हा नाइलाजच असतो, पण तो नाइलाज अशा कामी येतो.) सगळ्याच मुलांची जागा बदलत असल्याने चौथीतला मुलगा दुसरीतल्या मुलीशेजारी बसला तरी त्याला कोणी चिडवले नाही. वर्षअखेरीस तो दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट आपली आपण वाचू लागला. शुद्धलेखन मात्र शेवटपर्यंत कच्चेच राहिले, हेही सांगायला हवे.

हे सगळीकडे का होत नाही, याचे उत्तर बरेचसे शिक्षकाच्या दिवसात आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत, असे त्याच कायद्याचे कलम 27 सांगते. प्रत्यक्षात पोषण आहाराचा हिशेब, पोर्टलवरच्या नोंदी आणि तातडीने मागवलेली माहिती यांत सकाळ संपते, आणि वाचनाचा तास सर्वांत आधी बळी जातो. प्रशिक्षणे कितीही घ्या, तो तास मोकळा राहिल्याशिवाय काही हाती लागत नाही.

आता विशेष शाळेविषयी. आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्याआधी 1901 पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला घेतली होती, म्हणजे मूल शाळेपर्यंत का पोहोचत नाही हे पाहून आधी निवाऱ्याची आणि जेवणाची सोय केली. आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा 1919 मध्ये बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवले. जातीवरून वेगळे काढणे आणि वाचनातल्या अडचणीवरून वेगळे काढणे या एकच गोष्टी आहेत, असे मी म्हणणार नाही. खुणांच्या भाषेत शिकणाऱ्या कर्णबधिर मुलांच्या शाळांची गरज मी स्वतः पाहिली आहे. पण नुसते वाचन मागे आहे म्हणून मुलाला बाहेरचा रस्ता दाखवणे म्हणजे शाळेने आपले काम दुसऱ्याच्या दारात ठेवणे होय.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली खास अडचण, त्यांपैकी एक आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांनी अशा मुलांना इतरांबरोबरच शिकवावे, हे या कायद्याने शाळांवर बंधनकारक केले आहे. तुमच्या मुलाला ही अक्षमता असेलच असे नाही. आधी दृष्टी आणि कान तपासून घ्या, कारण चष्म्याअभावी मागे पडलेली मुले मी पाहिली आहेत. त्यानंतरही अडचण राहिली तर सरकारमान्य रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र घ्या. पुढे दहावीला वाढीव वेळ आणि लेखनिक अशा सवलतींसाठी ते लागते.

शाळेला घाई का झाली असावी, याचाही मला अंदाज आहे. शिक्षण हक्क कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत आणि पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येते, आणि तुमचा मुलगा पुढच्या वर्षी पाचवीत जाईल. म्हणजे तुमच्याकडे साधारण एक वर्ष आहे.

तेव्हा वर्गशिक्षकांशी भांडत बसू नका, पण मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक किंवा साधनव्यक्ती यांची भेट, आणि परिपाठानंतर रोज अर्धा तास मुलाच्या आजच्या पातळीवरचे वाचन, एवढ्या दोनच गोष्टी त्यात मागा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यापैकी कोणाची मुले अशीच अडखळत असतील त्यांना शोधून अर्जावर त्यांच्याही सह्या घ्या. घरी मात्र पाठ्यपुस्तक घेऊन बसू नका. त्याला ज्या वस्तूची गोडी आहे तिच्यावर काय छापले आहे ते वाचायला द्या, मग ती केएमटी बसची पाटी असो की रंकाळा तलावावरच्या भेळेच्या गाडीवरचा दरफलक.